आधी ओळ, मग नाव

पोरी, मराठी घेऊन बी.ए. करायचं ठरवलंस, उत्तम केलंस. आता पहिल्या सत्रातच तुझ्या वहीत शब्दांची रांग लागेल: उपमेय, उत्प्रेक्षा, स्थायीभाव, व्यंजना, निवेदक, प्रतीक, आकृतिबंध. वर्गातली निम्मी मुलं ही रांग गाईडातून उतरवून घेतात, परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात आणि पेपर देऊन बाहेर पडता पडता विसरतात. तुझ्या आत्याचा जन्म मराठी शिकवण्यात गेला. तिच्याकडून काही गोष्टी कानात घालून घे, पुढं सेट-नेटपर्यंत उपयोगी पडतील.

सगळ्या कानमंत्रांचं मूळ एकच आहे. संज्ञा म्हणजे उत्तर नव्हे, ती कुठं बघायचं ते सांगणारी खूण. कवितेखाली ‘उत्प्रेक्षा अलंकार’ असं लिहिलंस म्हणजे काम संपलं असं नाही, तिथं ते सुरू होतं. म्हणून क्रम मोडायचा नाही. आधी ओळ वाच. मग ती ओळ काय करते ते साध्या घरच्या मराठीत सांग. नाव सगळ्यात शेवटी घे.

एकच गोष्ट सात तऱ्हांनी सांगून बघ

अलंकारांच्या व्याख्या पाठ होतात, पण पेपरात अनोळखी ओळ आली की उपमा आणि उत्प्रेक्षा एकमेकांत मिसळतात. यावर एकच औषध आहे. जोडी तीच ठेवायची आणि सांगायची तऱ्हा बदलत न्यायची. घाट चढणारी आपली लाल एसटी घे आणि तिच्यासमोर म्हातारा बैल उभा कर. एसटीबद्दल बोलायचंय म्हणून ती उपमेय. जिच्याशी तुलना करायची ती वस्तू उपमान, म्हणजे बैल. दोघांत सारखं काय, तर धापा टाकणं. हा झाला साधारण धर्म.

आता बघ. ‘एसटी म्हाताऱ्या बैलासारखी धापा टाकते.’ इथं ‘सारखी’ आहे, दोघं शेजारी शेजारी उभे आहेत: उपमा. ‘घाट चढणारी एसटी जणू म्हातारा बैलच.’ इथं कल्पना एक पाऊल पुढं गेली, पण ‘जणू’ म्हणून तिनं एक हात राखून ठेवलाय: उत्प्रेक्षा. ‘एसटी हा आमच्या गावचा म्हातारा बैल.’ राखलेला हातही सुटला, दोघं एकच झाले: रूपक. ‘ही एसटी नव्हेच, म्हातारा बैल आहे हा.’ आता उपमेय चक्क नाकारलं: अपन्हुती. ‘म्हातारा बैल निदान वळणावर बसकण मारतो, आमची एसटी तेवढंही करत नाही.’ उपमेय उपमानाच्या वर चढलं: व्यतिरेक. ‘आमच्या एसटीसारखी आमची एसटीच.’ तुलनेला दुसरं कुणी उरलंच नाही: अनन्वय. आणि बैल पार बाजूला काढून ‘तिसऱ्या वळणावर एसटी कुरकुरली, रुसली आणि मग नाइलाजानं निघाली’ असं म्हटलंस, तर निर्जीव गाडीला माणसाचा स्वभाव दिला: चेतनगुणोक्ती.

उपमेपासून अपन्हुतीपर्यंतच्या चार वाक्यांत एसटी आणि बैल यांच्यातलं अंतर हळूहळू मिटत गेलं, हे ध्यानात आलं ना? या चार अलंकारांमधला फरक तेवढाच आहे. पेपरात ओळ आली की स्वतःला विचारायचं, दोन वस्तू किती जवळ आल्यात? नाव आपोआप ओठावर येईल. ‘जणू’, ‘गमे’, ‘सम’ असल्या खुणेच्या शब्दांवर मात्र डोळे मिटून विसंबू नकोस. ‘तो जणू आत्ताच आला असावा’ या वाक्यात ‘जणू’ आहे, उत्प्रेक्षा नाही. तिथं उपमानच नाही, नुसता अंदाज आहे.

वृत्त कानानं पकड, मग बोटांनी मोज

वृत्तांना मुलं घाबरतात ती गणांमुळे. आठ गणांसाठी जुन्या लोकांनी एक सूत्र करून ठेवलंय: यमाताराजभानसलगं. जो गण हवा त्या अक्षरापासून तीन अक्षरं मोजायची. ‘य’ म्हणजे यमाता: लघु, गुरु, गुरु. ‘र’ म्हणजे राजभा: गुरु, लघु, गुरु. ‘न’ म्हणजे नसल: तिन्ही लघु. शेवटच्या ‘ल’ आणि ‘गं’चा अर्थ लघु आणि गुरु. एवढं एक सूत्र आलं की गणांचा वेगळा तक्ता लागत नाही.

आता ही तुझ्यासाठी जुळवलेली ओळ मोठ्यानं म्हण: ‘नको पाठ संज्ञा करू फार वेडे’. तोड बघू: नकोपा, ठसंज्ञा, करूफा, रवेडे. प्रत्येक तुकडा लघु, गुरु, गुरु. ‘य’ गण चार वेळा, अक्षरं बारा. म्हणजे भुजंगप्रयात, समर्थांच्या मनाच्या श्लोकांचं वृत्त. तू ते लहानपणी देव्हाऱ्यापुढं म्हणायचीस, तेव्हा कानाला चाल आधीच ठाऊक आहे. असंच प्रत्येक महत्त्वाच्या वृत्ताचं एक पद्य तोंडपाठ ठेव: वसंततिलका, मालिनी, मंदाक्रांता, शार्दूलविक्रीडित. नवी ओळ आली की ती त्या चालीत म्हणून बघ. बसली तर मोजून खात्री कर, नाही बसली तर दुसरी चाल.

मोजताना दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरु धरतात, पण त्याच्यावर आघात येत असेल तरच. ‘सत्य’मधला ‘स’ गुरु आहे, ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघुच राहतो. दोन्ही शब्द मोठ्यानं म्हण, फरक कानालाच कळेल. दुसरं, चरणाचं शेवटचं अक्षर लघु असलं तरी बहुधा ताणून गुरु धरतात.

आणि सगळ्या पद्याला ‘वृत्त’ म्हणू नकोस. लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असेल तर अक्षरगणवृत्त. मात्रांची बेरीज ठरलेली असेल तर जाती. नुसती अक्षरसंख्या ठरलेली असेल तर छंद. ओवी आणि अभंग छंदात येतात. मोठ्या अभंगाचे चार चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असतात, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळतं. मोजताना अर्धी अक्षरं धरायची नाहीत. मुक्तछंद हा शब्द कवी अनिलांच्या नावाशी जोडलेला आहे. त्यांचं ‘भग्नमूर्ती’ १९४० सालचं. मुक्तछंद म्हणजे लयच नाही अशी समजूत करून घेऊ नकोस. तिथं ठरीव साचा सुटलेला असतो, लय नव्हे. या प्रांतात शंका आली तर माधवराव पटवर्धनांच्या, म्हणजे माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’कडे जावं. ग्रंथ जाडजूड आहे, पण लागेल तेवढंच पान उघडायचं.

‘सात वाजले’ हे कोण म्हणालं ते विचार

शब्दशक्ती तीन: अभिधा, लक्षणा, व्यंजना. संस्कृत उदाहरणं नंतर वाच, आधी आपल्या घरात कान दे. ‘पानावर बसा’ असं आजी म्हणते, तेव्हा पाहुणा केळीच्या पानावर चढून बसत नाही. शब्दशः अर्थ, म्हणजे अभिधेचा अर्थ, अडतो, मग आपण त्याला लागून असलेला अर्थ घेतो: जेवायला बसा. ‘अख्खं गाव देवळात लोटलं’ हेही तसंच. गाव हलत नाही, माणसं हलतात. मूळ अर्थाची अडचण हीच लक्षणेची पहिली खूण.

व्यंजनेत अडचण काहीच नसते. ‘सात वाजले’ या दोन शब्दांचा अर्थ सरळ आहे आणि तो खराही आहे. पण सकाळी आई अंथरुणाशी येऊन म्हणते तेव्हा त्याचा अर्थ ‘ऊठ’. संध्याकाळी दारात उभे असलेले बाबा म्हणतात तेव्हा ‘इतका वेळ कुठं होतीस?’ दुकानदार शटरकडे बघत म्हणतो तेव्हा ‘आता आटपा’. शब्द तेच, पण कोण म्हणालं, कुणाला, कधी, यावर दुसरा अर्थ उमटतो. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त हा सुचणारा अर्थच काव्याचा प्राण मानला. त्याचा ध्वनिविचार वर्गात आला की ‘सात वाजले’ आठवायचं, अर्धी वाट तिथंच सरली.

व्यंजना किती दूर जाऊ शकते ते बघायचं असेल तर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ वाच. नाटक १९०७ सालचं. रंगमंचावर महाभारतातले द्रौपदी, कीचक आणि भीम. प्रेक्षकांना मात्र कीचकात लॉर्ड कर्झन आणि द्रौपदीत हिंदभूमी दिसली. नाटकात इंग्रजांचं नावसुद्धा नाही, तरी सरकारनं १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. सुचवलेला अर्थ सरकारी अंमलदारांनाही कळला, याहून व्यंजनेचा मोठा दाखला कुठला द्यायचा!

रस कुणी ‘वापरत’ नाही

‘या कवितेत कवीने करुण रस वापरला आहे’ हे वाक्य माझ्यासमोर आलं की मी लाल पेन उचलायची. रस काही मिठासारखा वरून घालत नाहीत, तो निष्पन्न होतो, आणि होतो तो रसिकाच्या ठायी. भरतमुनींनी ‘नाट्यशास्त्रा’त सांगितलं त्याचा मथितार्थ एवढाच: विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव एकत्र आले की रस तयार होतो. भरतांनी रस आठ सांगितले, शांत रस पुढं नववा म्हणून आला.

‘नटसम्राट’मधला लेकीच्या घरचा प्रसंग घे. गणपतराव ऊर्फ अप्पा बेलवलकरांवर त्यांच्याच मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो. आता खणात खण बसव. ज्याच्यावर ओढवलं ते अप्पा: आलंबन विभाव. ज्यानं वेदना भडकते तो आळ आणि तो आळ घेणारी लाडकी लेक: उद्दीपन विभाव. नटाचा कापणारा आवाज, थिजलेली नजर: अनुभाव. येऊन जाणाऱ्या लाटा, म्हणजे दैन्य, आवेग, विषाद: व्यभिचारी भाव. या सगळ्यांनी प्रेक्षकाच्या मनात मुळातच असलेला शोक हा स्थायीभाव जागा होतो, आणि त्याचा आस्वाद म्हणजे करुण रस. अप्पांचं दुःख हे दुःखच आहे, रस आपल्याला मिळतो. म्हणून तर रडवणारं नाटक आपण तिकीट काढून पुन्हा बघतो.

याच नाटकाला शोकांतिका म्हणतात. तिथंही सावध राहा. शेवट दुःखाचा झाला म्हणून कुठलीही कलाकृती शोकांतिका होत नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या विचारातली शोकांतिका उंचीवरच्या माणसाची, आणि त्याच्या पडण्यात त्याच्या हातूनच झालेल्या प्रमादाचा वाटा असतो. बेलवलकर हयात असतानाच सगळं मुलांना वाटून टाकतात. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर हुशार वकील आहे, आणि त्याचा मानी, तापट स्वभावच त्याला प्याल्यापर्यंत नेतो. ‘हा माणूस कशामुळे पडला?’ असा प्रश्न विचार. उत्तर नुसतं ‘नशीब’ आलं, तर शोकांतिका म्हणायची घाई नको.

‘लेखक म्हणतो’ लिहिण्याआधी थांब

कथा-कादंबरीत सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पुस्तक लिहितो तो लेखक, गोष्ट सांगतो तो निवेदक. ‘बनगरवाडी’ माडगूळकरांनी लिहिली, पण आपल्याला ती सांगतो तो धनगरांच्या वाडीवर नेमला गेलेला तरुण मास्तर. म्हणून उत्तरात ‘माडगूळकर वाडीत येतात’ असं लिहायचं नाही.

चि. वि. जोशींचा चिमणराव तर याचा फार चांगला धडा आहे. तो आपली फजिती अगदी गंभीरपणे सांगतो आणि त्याच्या लक्षात न येणाऱ्या गोष्टी वाचकाच्या लक्षात येतात. हसू पिकतं ते सांगणारा आणि समजणारा यांच्यातल्या फटीतून. लेखक आणि निवेदक एकच धरलेस, तर ती फट तुला दिसणारच नाही.

निवेदकाची पारख करायची एक युक्ती सांगते. प्रसंग तोच ठेवून सांगणारा बदलून बघ. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये हेच केलंय: कर्णाची गोष्ट कर्णाबरोबरच कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांच्या तोंडून येते. खांडेकरांच्या ‘ययाति’तही ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात. एकीचं बोलणं झाल्यावर दुसरीचं वाचलं की ‘दृष्टिकोन’ या संज्ञेवर वेगळं टिपण काढायची गरज राहत नाही.

प्रतिमा एकदा येते, प्रतीक परत परत येतं

हा नियम अगदी काटेकोर नाही, पण सुरुवातीला पुरतो. एखादी ओळ डोळ्यांपुढं, कानापुढं, नाकापुढं काही उभं करते तेव्हा ती प्रतिमा. लक्षात ठेव, प्रतिमा फक्त दिसणारीच असते असं नाही. भाजलेल्या शेंगांचा वास हीसुद्धा प्रतिमाच. तीच वस्तू जेव्हा फिरून फिरून येते, स्वतःपेक्षा मोठं काही वाहायला लागते आणि काढून टाकली तर सगळी रचना ढासळते, तेव्हा ती प्रतीक. गडकऱ्यांचा प्याला हा खराखुरा दारूचा प्याला आहे, आणि ‘एवढा एकच’ म्हणत सुरू होणाऱ्या सगळ्या घसरणीचं प्रतीकही आहे. दोन्ही एकाच वेळी. वस्तूपण संपलं आणि नुसता अर्थ उरला, तर ते प्रतीक राहत नाही, नुसता संकेत होतो.

हसू कशावर आहे ते बघ

उपहास, उपरोध, विडंबन ही तिन्ही नावं मुलं एकाच टोपलीत टाकतात. बोललेलं एक आणि अभिप्रेत उलट, तो उपरोध: उशिरा आलेल्याला ‘लवकर आलात की!’ असं म्हणणं. कुणाला हसण्यावारी नेणं, खाली पाडणं, तो उपहास. आणि एखाद्या रचनेची किंवा शैलीची हुबेहूब नक्कल करून तिची गंमत करणं, ते विडंबन. आचार्य अत्र्यांचं ‘झेंडूची फुले’ १९२५ चं, केशवकुमार या नावानं लिहिलेलं. त्यातली गंमत पुरती कळायला ज्यांची चेष्टा केलीय त्या कवींच्या कविता आधी वाचलेल्या हव्यात. विडंबन ओळखायची कसोटीच ती: मूळ माहीत नसेल तर निम्मं हसू हुकतं.

पाट्या एकावर एक लावू नकोस

‘बलुतं’ काय आहे? असा प्रश्न आला की कुणी म्हणतं आत्मकथन, कुणी म्हणतं दलित साहित्य, आणि दोघं भांडत बसतात. दोघंही बरोबर आहेत, कारण प्रश्न दोन आहेत. आत्मकथन हा प्रकार, दलित साहित्य हा प्रवाह. वास्तववाद म्हणालीस तर ती लिहिण्यामागची भूमिका. संज्ञाप्रवाह म्हणालीस तर ते निवेदनाचं तंत्र. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’चं नाव घेताना कादंबरी हा प्रकार आणि संज्ञाप्रवाह हे तंत्र, असं वेगळं लिही. प्रकार, प्रवाह, भूमिका, तंत्र हे चार खण वेगळे ठेवलेस की गोंधळ होत नाही.

त्यातही काही शब्द एकाहून जास्त खणांत राहतात. अलंकारात ‘रूपक’ एक, धनंजयाच्या ‘दशरूपका’त ते नाटकाच्या दहा प्रकारांसाठी आलेलं, आणि रूपककथा आणखी वेगळी. प्रश्नपत्रिकेत शब्द दिसला की आधी तो कुठल्या पेपरातला आहे ते बघ.

आणि उत्तर असं लिही

पाच गुणांच्या टिपणात तीन गोष्टी पुरतात. व्याख्या एका वाक्यात, तुझ्या शब्दांत. उदाहरण एकच, पण नेमलेल्या पुस्तकातलं. आणि तिथं त्या गोष्टीनं नेमकं काय साधलं, हे दोन-तीन वाक्यांत. तिसरा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि परीक्षक नेमका तोच शोधत असतो. ‘ओघवती भाषा’, ‘हृदयाला भिडणारे वर्णन’, ‘अप्रतिम शैली’ हे शब्द वहीतून आजच हद्दपार कर. ते कुठल्याही पुस्तकाला लागतात, म्हणून एकालाही लागत नाहीत. नाव आठवत नसेल तर अडून बसू नकोस. ‘इथं निर्जीव गाडी माणसासारखी रुसते, त्यामुळे प्रवासाची कटकट विनोदी होते’ असं साधं लिहिलंस, तर त्यात चेतनगुणोक्ती कळल्याची खूण दिसते. उलट नुसतं नाव लिहून काहीच दाखवलं नाहीस, तर ते नाव कोरडं पडतं.

शंका आली की गाईड न उघडता कोश उघड. भटकळ फाउंडेशनचा ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’ तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात असेल, नसला तर ग्रंथपालांकडे मागणी कर. मराठी विश्वकोश तर मोबाइलवरही फुकट वाचता येतो. रस, ध्वनी, रीती यांच्या मागची सगळी परंपरा नीट समजून घ्यायची असेल, तर ग. त्र्यं. देशपांड्यांचं ‘भारतीय साहित्यशास्त्र’ सवडीनं वाच. घाईनं वाचायचं ते पुस्तक नव्हे.

आता पहिला गृहपाठ. अभ्यासक्रमातली कुठलीही एक कविता घे आणि वहीचं पान उभं तीन भागांत वाटून घे. डावीकडे ओळ, मधे ‘ही ओळ काय करते’, उजवीकडे नाव. उजवा रकाना रिकामा राहिला तरी मी काही म्हणणार नाही. मधला रिकामा दिसला, तर मात्र बसून पहिल्यापासून वाचायला लावीन.